गावात शूटिंग येते तेव्हा : बघ्यांनी काय बघावे, ग्रामसभेने काय विचारावे

मुलचेरा : सुरुवात बहुतेक गावांत सारखीच होते. एके दिवशी दोन-तीन पांढऱ्या गाड्या येतात. उतरलेली माणसे नदीचा काठ बघतात, जुन्या शाळेचे फोटो काढतात, पानठेल्यावर चहा घेतात आणि विचारतात, "इथं रात्री लाइट राहते का? मोठी गाडी रपट्यावरून येईल का?" संध्याकाळपर्यंत बातमी टोल्यांवर पोचलेली असते – गावात पिक्चरची शूटिंग येऊन रायली. हिरो कोण, हिरोईन कोण, यावर पोट्ट्यांच्या पैजा लागतात.

शूटिंग बघायला जाण्यात वाईट काहीच नाही. गावाच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत. पण ज्या गावांत मोठे चित्रपट तयार झाले, तिथला अनुभव एक गोष्ट सांगतो. गाव नुसतेच बघे राहिले तर गाड्या गेल्यावर मोबाइलमधले चार फोटो उरतात. गावाने आधी बसून चार प्रश्न विचारले, तर मजुरी, जंगल आणि गावाचे नाव या तिन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

मुलचेरा तालुक्यात सागाचे जंगल आहे, शेजारच्या चामोर्शी तालुक्याला लागून चपराळा अभयारण्य आहे, आदिवासी टोल्या आहेत आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली बांधवांची गावे आहेत. कॅमेऱ्याला हवे ते सगळे इथे आहे. त्यामुळे हे काम चालते कसे, हे आधीच माहीत असलेले बरे.

गोष्ट इकडची, शूटिंग तिकडे

पडद्यावर जे गाव दिसते, तिथेच शूटिंग झालेली असते असा अनेकांचा समज असतो. तसे फार कमी वेळा घडते.

'न्यूटन' हा चित्रपट २२ सप्टेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. दंडकारण्यातील नक्षलग्रस्त भागात अवघ्या ७६ मतदारांसाठी मतदान केंद्र लावायला गेलेल्या कारकुनाची ही गोष्ट. राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, रघुवीर यादव आणि अंजली पाटील यांनी त्यात काम केले. दिग्दर्शक अमित मसुरकर. निवडणुकीच्या ड्युटीवर पोलिंग पार्टीसोबत गेलेल्या गडचिरोलीतल्या कुठल्याही मास्तराला ही गोष्ट घरची वाटेल. त्याची शूटिंग झाली छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा परिसरात. गडचिरोली जिल्ह्याला लागून मोहला-मानपूर आणि त्याच्या पलीकडे बालोद जिल्हा. तिथली ही लोहखाणीची वसाहत. भिलाईच्या पोलाद कारखान्याला इथूनच लोहखनिज जाते. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेल्या या चित्रपटात दिसणारे जंगल म्हणजे इथल्या माणसाच्या ओळखीचेच जंगल, फक्त राज्याच्या सीमेपलीकडचे.

त्याच दिग्दर्शकाचा 'शेरनी' १८ जून २०२१ रोजी आला. विद्या बालन त्यात वनाधिकारी आहे. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणाशी या गोष्टीचे साम्य अनेकांनी ओळखले. पण शूटिंग मध्य प्रदेशात झाली. 'पुष्पा'ची गोष्ट शेषाचलमच्या रक्तचंदनाची, तर जंगलातली बरीच शूटिंग आंध्रातीलच, पण दूरच्या मारेडुमिल्लीच्या जंगलात. 'पंचायत' मालिकेतील फुलेरा हे गाव उत्तर प्रदेशातले म्हणून दाखवले आहे. प्रत्यक्षात ते मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातले महोडिया आहे.

असे का होते? कारण चित्रपटवाले गोष्टीचे गाव शोधत नाहीत, सोयीचे गाव शोधतात. शे-दीडशे माणसांच्या राहण्याची सोय लागते. जवळ दवाखाना लागतो. जड गाड्या जातील असा रस्ता लागतो. परवानगी किती दिवसांत मिळते आणि सरकार किती अनुदान देते, हेही पाहिले जाते. मध्य प्रदेशने २०२० मध्ये यासाठी वेगळे चित्रपट पर्यटन धोरण आणले. सुरक्षेची खात्री हा मुद्दा तर गडचिरोलीच्या बाबतीत वर्षानुवर्षे सगळ्यात मोठा राहिला.

महाराष्ट्रात या बाबतीत सगळ्यात नशीबवान म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाई. मुंबईहून गाडीने पाच-सहा तास, कृष्णेचे घाट, जुनी देवळे आणि राहायला शेजारी पाचगणी. 'गंगाजल'मधला बिहार, 'दबंग'मधला उत्तर प्रदेश आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मधला तामिळनाडू वाई परिसरातच उभा राहिला. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'मधले (२००४) चरणपूर म्हणजे वाईजवळचे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट यामुळे मेणवली आधीपासून माहीत होती. चित्रपटानंतर शाहरुख खान बसला तो घाट बघायलाही लोक येऊ लागले.

जिल्ह्यातला अनुभव : हेमलकसा

गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला काहीच आले नाही, असेही नाही. १० ऑक्टोबर २०१४ रोजी 'डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो' हा चित्रपट आला. दिग्दर्शक समृद्धी पोरे. नाना पाटेकर यांनी डॉ. प्रकाश आमटे यांची, तर सोनाली कुलकर्णी यांनी डॉ. मंदाकिनी आमटे यांची भूमिका केली. १९७३ च्या डिसेंबरात भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही गोष्ट. तिची शूटिंग करायला चित्रपटवाले हेमलकशाला आले. मुलचेऱ्याहून आलापल्लीमार्गे भामरागडचा रस्ता धरला की हे गाव लागते.

इथे फरक लक्षात घेण्यासारखा आहे. हेमलकशात चित्रपटवाल्यांशी बोलायला एक संस्था होती, माणसे होती, चाळीस वर्षांचे काम होते. काय दाखवायचे आणि काय नाही, हे बोलायला समोर कोणीतरी होते. साध्या गावाकडे अशी संस्था नसते. तिथे ते काम ग्रामसभेलाच करावे लागते.

विदर्भात त्यानंतरचे मोठे नाव 'झुंड'. नागराज मंजुळे यांनी अमिताभ बच्चन यांना घेऊन नागपुरात हा चित्रपट केला. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे. त्यातली पोरे मंजुळे यांनी नागपूरच्या वस्त्यांतूनच निवडली. त्यांची बोली, त्यांचे चालणे, त्यांची भांडणे पडद्यावर खरी वाटतात, ती त्यामुळेच.

सेटवर नेमके काय चालते

पहिल्यांदा शूटिंग बघणाऱ्याची बहुधा निराशाच होते. सकाळपासून उन्हात उभे राहावे आणि दुपारपर्यंत एक माणूस दारातून बाहेर येताना सोळा वेळा दिसावा, असा तो प्रकार. "हे कायची शूटिंग बाप्पा?" असे म्हणत अर्धे लोक जेवायला घरी जातात.

त्यामागे हिशेब आहे. पडद्यावर सलग दिसणारा प्रसंग तुकड्यातुकड्यांत टिपला जातो. आधी सगळे दिसेल असा लांबून, मग एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा, मग हातातले पत्र. प्रत्येक वेळी कॅमेरा हलवायचा, लाइट पुन्हा लावायचे. दिवसभर राबून शेवटच्या चित्रपटातली दोन-तीन मिनिटे तयार झाली, तर तो दिवस चांगला गेला असे धरतात. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला म्हणूनच अनेक आठवडे लागतात.

सेटवर शांत राहायला सांगतात, त्यालाही कारण आहे. पूर्वी हिंदी चित्रपटांत संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. त्यामुळे शूटिंगच्या वेळी आरडाओरडा चालून जायचा. २००१ च्या 'लगान'ने संवाद जागेवरच टिपले आणि त्यानंतर ही पद्धत वाढत गेली. आता कोंबडा आरवला, मोटारपंप सुरू झाला किंवा कुणाचा मोबाइल वाजला, तरी शॉट पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून गावातल्या गिरण्या, पंप, भोंगे बंद ठेवायला सांगितले जाते. इथे गावाने विचारायला हवे – किती वेळ बंद? आणि धानाला पाणी द्यायची पाळी असेल तर तिचे काय?

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते, ती म्हणजे सेटवरची उतरंड. दिग्दर्शकाशी गावाचा संबंध क्वचितच येतो. गावाशी व्यवहार करतो तो लाइन प्रोड्युसर किंवा त्याने नेमलेला स्थानिक माणूस. जागा ठरवणे, गर्दीसाठी माणसे आणणे, गाड्या, जेवण, बैलबंडी हे सगळे त्याच्या हातातून जाते. मजुरीत काटछाट होते तीही बहुतेक वेळा याच टप्प्यावर. हिरो कुठे बसला यापेक्षा हा माणूस कोण आहे आणि त्याने कोणत्या कागदावर सही केली, हे बघणे गावाच्या जास्त कामाचे.

परवानगी कोणाची लागते

सरकारी जागेवर शूटिंग करायची तर राज्यात एक खिडकी पद्धत आहे. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचे काम बघणारे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ ती चालवते. पण जंगलाच्या जिल्ह्यात एवढ्यावर भागत नाही.

चपराळा अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने चित्रपट निर्मितीचा उल्लेख या कलमात स्पष्टपणे आला, पण अट घालून : अधिवासात कोणताही बदल करायचा नाही आणि वन्यप्राण्यांना बाधा पोचू द्यायची नाही. म्हणजे अभयारण्यात झाड तोडून सेट उभारणे, रात्री प्रखर दिवे लावून प्राणी हुसकावणे, पाणवठ्यावर ठाण मांडणे यातले काहीच बसत नाही. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही वनविभागाची परवानगी लागतेच.

याशिवाय दोन गोष्टी जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एक, पेसा कायदा. त्याखालच्या गावांत ग्रामसभेचे म्हणणे महत्त्वाचे मानले जाते. दुसरी, सामूहिक वनहक्क. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावांना मिळाला. ज्या जंगलावर हा हक्क आहे ते राखायचे, वाढवायचे आणि त्याची व्यवस्था लावायची, हा अधिकार ग्रामसभेचा आहे. शूटिंगवाल्यांकडे वनविभागाचा कागद असला, तरी अशा जंगलात पाय ठेवण्याआधी त्यांनी ग्रामसभेसमोर यावे, असा आग्रह गावाने धरण्यात काहीच गैर नाही. चांगला निर्माता स्वतःहून येतो, कारण गाव नाराज असले की काम पुढे सरकत नाही, हे त्याला माहीत असते.

खाजगी शेतजमिनीची गोष्ट वेगळी. तिथे मालकाशी करार होतो. बांधी तुडवली गेली, धुरा फुटला, बोडीचे पाणी उपसले गेले तर भरपाई किती, हे आधीच लिहिलेले हवे. तोंडी "करून देऊ ना दादा" याला नंतर काही अर्थ राहत नाही.

मजुरी, बैल आणि पोट्टे

गर्दीच्या प्रसंगात उभे राहणाऱ्यांना सिनेमाच्या भाषेत ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. हे काम आहे, हौस नाही. सकाळी सहाला बोलावून रात्री नऊपर्यंत बसवून ठेवले, तर तो पूर्ण दिवसाहून जास्त झाला, मग कॅमेऱ्यासमोर पाचच मिनिटे उभे राहावे लागले तरी. दिवसाचा दर, जास्त वेळाचा दर, दोन वेळचे जेवण, येण्या-जाण्याची गाडी हे आधी ठरवून नावानिशी यादी करावी. पैसे थेट खात्यात जमा झाले तर मधल्या हातांची गळती थांबते.

वेळेचाही हिशेब हवा. बाहेरचे लोक थंडीचे दिवस पसंत करतात. पण नोव्हेंबर-डिसेंबरात इथे धानाची कापणी आणि चुरणा असतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. तेंदूपत्त्याच्या हंगामात चार दिवस शूटिंगला गेलेल्या घराचे वर्षाचे गणित बिघडू शकते. म्हणून दर ठरवताना त्या दिवसात हातातून काय जाते, ते मोजले पाहिजे.

बैलजोडी, शेळ्या, कोंबड्या कॅमेऱ्यासमोर आणायच्या असतील, तर निर्मात्याला भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बैलाचा मालक म्हणून ती बघायला मागण्यात संकोच नको.

मुलांच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे. १४ वर्षांखालील मुलाला काम देण्याआधी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आहे, आई-वडिलांची लेखी संमती घ्यायची आहे आणि शाळा बुडणार नाही याची व्यवस्था करायची आहे. मुलाकडून दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही. मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. हा नियम बहुतेक पालकांना माहीतच नसतो.

कॅमेऱ्याने मुलाचे आयुष्य किती बदलते, याची उदाहरणे सोलापूर जिल्ह्यात आहेत. करमाळा तालुक्यातील केमचा सोमनाथ अवघडे हलगी वाजवताना नागराज मंजुळे यांच्या नजरेत भरला. 'फँड्री'साठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत असताना 'सैराट'ची आर्ची झाली आणि २९ एप्रिल २०१६ नंतर महाराष्ट्रात तिला ओळखत नाही असे घर उरले नाही. पुढे गर्दीमुळे नियमित शाळेत जाणे तिला अवघड झाले. दहावीची परीक्षा तिने २०१७ मध्ये बाहेरून दिली. मोठे यश मिळालेल्या मुलीचीही शाळा अशी विस्कटते. मग दोन सीनसाठी महिनाभर शाळा बुडवणाऱ्या पोराकडे गावानेच लक्ष द्यायला नको का?

खोटी बंदूक, खरी भीती

इतर जिल्ह्यांत जी अडचण येत नाही, ती गडचिरोलीत येते. जंगलाच्या पार्श्वभूमीवर इथे येणारी गोष्ट बऱ्याचदा पोलीस आणि नक्षलींची असते. म्हणजे वर्दी घातलेली माणसे, खोट्या बंदुका, स्फोटाचे आवाज, रात्रीची धावपळ.

ज्या गावांनी हे सगळे खरोखर भोगले आहे, तिथे हा खेळ राहत नाही. म्हाताऱ्या बाईला अंधारात हिरव्या कपड्यातली माणसे दिसली, तर ती अभिनेत्याला ओळखणार नाही. फिरत्या पोलीस पथकाला लांबून बंदूकधारी दिसले, तर तेही ओळखतीलच असे नाही. म्हणून अशी शूटिंग असेल तर पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, जागा आणि माणसांची संख्या लेखी कळवलेली असणे ही जिवाची गोष्ट आहे. आजूबाजूच्या टोल्यांवरही आदल्या दिवशी कोतवालाकरवी निरोप जायला हवा. ज्या घरातला माणूस गेला आहे, त्या घरासमोर तसा प्रसंग करू नका, एवढे सांगण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे.

नाव आणि वेश कोणाचा

दुसरा प्रश्न दिसण्याचा. आदिवासी म्हटले की पिसांचा मुकुट, अंगाला पांढरे पट्टे आणि "झिंगालाला" असा नाच, हे चित्र हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे दाखवले. माडिया किंवा गोंड माणसाला त्यात स्वतःचे काहीच सापडत नाही. रेला नाच कधी असतो, गोटूल म्हणजे काय, कोणते गाणे कोणत्या प्रसंगाचे, हे विचारायची तसदी फारच थोडे घेतात.

'न्यूटन' इथे वेगळा ठरला. त्यात अंजली पाटील यांनी साकारलेली मलको ही स्थानिक शिक्षिका गोंडी बोलते आणि बाहेरून आलेल्या साहेबाला दोन खडे बोल ऐकवते. ती कोणाची दया मागत नाही. पडद्यावर असे घडायचे, तर लिहिणाऱ्याने आधी गावात बसून ऐकलेले असावे लागते.

गावाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याआधी सहीसाठी एक कागद पुढे येतो. त्यावर लिहिलेले असते की, या माणसाचा चेहरा आणि आवाज वापरायला त्याची हरकत नाही. तो कागद बहुधा इंग्रजीत असतो. गावातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी तो आधी मोठ्याने वाचून, मराठीत आणि गोंडीत समजावून सांगावा. बंगाली गावांत बंगालीत सांगावा. न समजता केलेली सही ही संमती नव्हे.

गाड्या गेल्यावर

शूटिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाव कसे दिसते, हेही बघावे. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, झाडाला ठोकलेले खिळे, सेटचे प्लायवूड. साफसफाई कोण करणार हे करारात लिहिलेले नसेल, तर ते काम गावाच्या गळ्यात पडते. उन्हाळ्यात शूटिंग असेल तर विडी-सिगारेटचे थोटूकही वणव्याला पुरते.

चांगलेही उरते. वाई परिसरात वर्षानुवर्षे शूटिंग येत राहिल्याने जेवण पुरवणारे, गाड्या देणारे, जागा दाखवणारे, सेटसाठी सुतारकाम करणारे तयार झाले. एकदाच झालेल्या शूटिंगने गावाची गरिबी हटत नाही, पण दरवर्षी येत राहिली तर पाच-पन्नास घरांना जोडधंदा मिळतो. ती परत येण्यासाठी पहिल्यांदा आलेल्यांचा अनुभव चांगला असावा लागतो. त्यांचा जसा, तसाच गावाचाही.

कलाकार तर घरचेच आहेत

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटके लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि शंकरपटाला आलेला माणूस घोंगडी पांघरून ते शेवटपर्यंत बघतो. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाला. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका असा त्यांचा प्रवास.

म्हणजे इथल्या प्रेक्षकाला नाटक कळते आणि इथल्या नटाला बिनरिटेक काम करता येते. एखाद्या मोठ्या चित्रपटाने या भागात येऊन मुंबईहून बोलीचे शिक्षक आणावेत आणि झाडीपट्टीतल्या नटाला गर्दीत मागे उभे करावे, यात नुकसान चित्रपटाचेही आहे. गावाने बैठकीत हेही सांगावे की, बोलायची भूमिका द्या, आमच्याकडे माणसे आहेत.

ग्रामसभेने विचारायचे प्रश्न

गाड्या दाराशी आल्यावर गडबडीत काही सुचत नाही. म्हणून ही यादी आधीच ग्रामपंचायतीत लावून ठेवायला हरकत नाही :

– चित्रपटाचे आणि निर्मात्याचे नाव काय? गावाशी व्यवहार कोण करणार आणि त्याच्याकडे अधिकाराचा कागद आहे का?

– गोष्ट काय आहे? गावाचे, समाजाचे, देवाचे नाव त्यात येते का?

– वनविभागाची, पोलिसांची, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे?

– किती माणसे, किती दिवस, किती तास? दर किती, पैसे कधी आणि कोणत्या खात्यात?

– लहान मुले आणि जनावरे वापरणार का? त्यांच्या परवानग्या कुठे आहेत?

– झाड, विहीर, रस्ता, शाळा, पीक यांचे नुकसान झाले तर भरपाई किती? अनामत रक्कम ठेवणार का?

– शेवटच्या दिवशी साफसफाई कोण करणार?

– चित्रपट तयार झाल्यावर तो गावात दाखवणार का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण विसरू नये. ज्यांच्या अंगणात शूटिंग झाली, त्यांना चित्रपट बघायला मिळतो तो पुढे कधीतरी, पोराच्या मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर. शाळेच्या मैदानावर पांढरा पडदा लावून एक रात्र तो सगळ्यांना दाखवायला निर्मात्याला फार खर्च येत नाही. झाडीपट्टीतल्या गावाला रात्रभर बसायची सवय आहेच. आपला रपटा, आपली शाळा, गर्दीत तिसऱ्या रांगेत उभी असलेली आपली आजी पडद्यावर दिसली की गाव जो आवाज करेल, तो ऐकायला त्या निर्मात्यानेही यावे.